लाल किल्ल्यात वाट मुलांना काढू द्या

दिवाळीच्या सुट्टीत दिल्ली-आग्रा करायचं ठरवून ज्यांनी तिकिटं काढून ठेवली आहेत, त्या आई-बाबांशी आज मला मनातलं बोलायचं आहे. सहलीच्या कार्यक्रमात लाल किल्ल्याच्या वाट्याला बहुधा दीड तास येतो. त्याच्या आधी राजघाट, नंतर कुतुबमिनार, मधे कुठंतरी जेवण. त्या दीड तासात तिकिटाची रांग, तपासणीची रांग, छत्ता चौकातली पर्स-बांगड्यांची दुकानं आणि सगळ्यांचा मिळून एक फोटो, एवढं उरकतं. मुलं घरी येऊन आजीला सांगतात, ‘किल्ला खूप मोठा होता आणि पाय दुखले.’ त्यात मुलांचा काहीच दोष नाही. आपण नेमके कुठं उभे आहोत हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

शाळेतल्या मुलांना घेऊन, आणि घरच्या मुलांना घेऊनही, मी या किल्ल्यात बऱ्याचदा फिरले आहे. त्यावरून तुमच्याकडे एकच मागणं आहे. या किल्ल्यात वाट मुलांना काढू द्या. आणि त्या वाटेत एखादा अवघड प्रश्न आडवा आला, तर त्याला वळसा घालून पुढं जाऊ नका.

आपल्या मुलांना किल्ले नवे नसतात. सिंहगड, रायगड, निदान शनिवारवाडा तरी त्यांनी पाहिलेला असतो. पण डोंगरी किल्ल्यावर दिशा आपोआप कळते. खालून वर चढायचं, दरवाजा लागला की माची, त्याच्यावर बालेकिल्ला. दमलेले पायच सांगतात आपण कुठवर आलो ते. लाल किल्ला सपाटीवर आहे. आत शिरलं की हिरवळी, झाडं, लांबच लांब पिवळट इमारती आणि मधूनच संगमरवरी महाल. कुठं जायचं आणि कशानंतर काय बघायचं, ते डोळ्यांना उमजत नाही. त्यात भर म्हणून आत एक नाही, अनेक संग्रहालयं आहेत. म्हणून मुलं आपल्या मागून फरपटत येतात, आणि आपणही कुणाच्या तरी मागून फरपटत असतो.

यावर उपाय घरूनच करायचा. निघायच्या आधी एका संध्याकाळी मुलांना कागद द्या आणि किल्ल्याची आकृती काढायला सांगा. आकार अष्टकोनी, पण सारखा नव्हे. पूर्वेची आणि पश्चिमेची बाजू लांब, बाकीच्या आखूड. पश्चिमेच्या बाजूला मधोमध लाहोरी दरवाजा. आपण तिथून आत जातो आणि पंतप्रधान 15 ऑगस्टला तिथंच झेंडा फडकवतात. दक्षिणेला दिल्ली दरवाजा. पूर्वेच्या भिंतीला लागून सगळे महाल, आणि त्या भिंतीखालून एके काळी यमुना वाहायची. आता नदी लांब सरकली आहे आणि तिच्या जागी मोठा रस्ता आहे. उत्तरेच्या टोकाला एक छोटा, वेगळा किल्ला काढायला सांगा. तो सलीमगड. हा लाल किल्ल्याहून सुमारे शंभर वर्षांनी जुना आहे. शेरशहाचा मुलगा सलीमशहा सूर याने तो 1546 मध्ये बांधला.

इथं मुलं हमखास विचारतात, दिल्लीतल्याच किल्ल्याला दिल्ली दरवाजा कसा? शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याचं तोंड उत्तरेला, म्हणजे दिल्लीकडे आहे, हे पुण्याच्या मुलांना ठाऊक असतं. लाल किल्ल्यालाही तोच न्याय लावा. दरवाज्याचं नाव त्यातून निघणारी वाट कुठं जाते त्यावरून पडायचं. लाहोरी दरवाज्याची वाट लाहोरकडे जायची. दक्षिणेच्या दरवाज्यातून शहाजहानच्या आधीच्या, जुन्या दिल्लीकडे जायचं. शहाजहानने हा किल्ला नव्या शहरासाठी बांधला. 1648 मध्ये तो पूर्ण झाला, तेव्हा ‘दिल्ली’ म्हणजे दक्षिणेकडची ती जुनी वस्ती होती. एवढं कळलं की मुलांच्या कागदावरची आकृती जिवंत होते आणि दिशा डोक्यात पक्क्या बसतात.

सकाळी लवकर जा. सोमवारी किल्ला बंद असतो, आणि स्वातंत्र्यदिनाच्या आधीही काही दिवस बंद ठेवतात, हे लक्षात असू द्या. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये प्रवेशाचं तिकीट पडत नाही. संग्रहालयांचं काय, ते खिडकीवरच विचारून घ्या. सकाळी लाहोरी दरवाज्यातून आत जाताना ऊन समोरून तोंडावर येतं. मुलांना सांगा, ‘सूर्य नाकासमोर ठेवून चालत राहा.’ ते बरोबर पूर्वेला निघतात आणि किल्ल्याचा मुख्य रस्ता त्यांना न विचारता सापडतो. आधी छत दिलेला दुमजली बाजार, म्हणजे छत्ता चौक. मग नौबतखाना. त्याच्या थेट पुढं दिवाण-ए-आम आणि मागं रंगमहाल. हे सगळं पश्चिम-पूर्व एका रेषेत आहे. ती रेष मुलांनी स्वतः चालून शोधली, की पुढं उजवं-डावं करताना ती चुकत नाहीत. पुढारी त्यांना होऊ द्या. तुम्ही चार पावलं मागं राहा.

नौबतखान्यापाशी मात्र थोडं थांबा. महाराष्ट्रातल्या मुलांची इथं जुनी ओळख निघते. रायगडावर सिंहासनाच्या समोर नगारखाना आहे, तसाच हा. इथं दिवसातून पाच वेळा नौबत झडायची. दरबारात येणाऱ्या सरदारांना इथं हत्तीवरून, घोड्यावरून उतरावं लागे. इथून पुढं पायी. याच्या वरच्या मजल्यावर लष्करी इतिहासाचं संग्रहालय उभारलेलं आहे. पण बरोबर लहान मुलं असतील तर इथंच जिने चढायला लागू नका. सगळा उत्साह पहिल्याच जिन्यात संपतो.

दिवाण-ए-आममध्ये बादशहा बसायचा ती संगमरवरी मेघडंबरी लांबूनच पाहावी लागते. तिच्या मागच्या भिंतीत रंगीत दगड बसवून केलेली पक्ष्यांची, फुलांची चित्रं आहेत. 1857 नंतर त्यातली काही एका इंग्रज अधिकाऱ्याने काढून नेली. ती लंडनच्या संग्रहालयात पोचली आणि पुढं व्हाइसरॉय कर्झनच्या काळात परत आली. त्यातल्या एका चित्रात झाडाखाली बसून तंतुवाद्य वाजवणारा एक तरुण आहे आणि भोवती जनावरं ऐकत बसली आहेत. तो ग्रीक पुराणातला ऑर्फियस. मोगल बादशहाच्या पाठीशी हा ग्रीक गवई कसा आला, याचा विचार आठवी-नववीतली मुलं पुढं दिवसभर करत राहतात. लहानांना तो वाजवणारा शोधायला सांगा, तेवढं पुरे.

आता महाल. इथं मी मुलांना एकच काम देते: पाण्याची वाट शोधा. शहाजहानने सगळ्या महालांच्या मधून एक कालवा खेळवला होता. त्याचं नाव नहर-ए-बहिश्त. पाणी उत्तरेच्या शाह बुरुजापासून यायचं आणि हमाम, दिवाण-ए-खास, खास महाल असं करत दक्षिणेला रंगमहालाकडे जायचं. आज पाणी नाही, पण संगमरवरी फरशीत कोरलेली ती रुंद, उथळ पन्हळ तशीच आहे. कुठं कठड्याबाहेरून बघावी लागते, कुठं झाडून काढलेला पाचोळा तिच्या कोपऱ्यात साचलेला असतो. मुलं तिच्या कडेकडेने निघाली की खास महालातल्या जाळीपाशी आपोआप पोचतात. एकाच संगमरवरी फळीत कोरलेली ती जाळी, तिच्यावर न्यायाचा तराजू, आणि तिच्या खालून वाहत जाणारी पन्हळ. तिथून पुढं रंगमहालात कमळाच्या आकाराचं मोठं कुंड आहे. पहिली-दुसरीतल्या मुलाला तारखा, बादशहांची नावं यातलं काही नको असतं. पाणी कुठून आलं आणि कुठं गेलं, एवढं त्याने स्वतः शोधलं तर सगळा किल्ला त्याचा होतो. अशा लहानांना हयात बख्श बागेतले सावन आणि भादों हे दोन समोरासमोरचे मंडपही दाखवा. त्यांच्या भिंतीत छोटे छोटे कोनाडे आहेत. त्यात दिवसा फुलं ठेवायचे, रात्री दिवे लावायचे आणि त्यांच्यावरून पाण्याचा पडदा पडायचा. मुलं लगेच कोनाडे मोजायला लागतात. मोजू द्या, घाई करू नका.

दिवाण-ए-खासपाशी माझा वेळ नेहमी सगळ्यात जास्त जातो, आणि तुमचाही जावा असं मला वाटतं. सहलीतल्या एका कुटुंबाबरोबर मी तिथं उभी होते. चौथीतली एक मुलगी मान पूर्ण मागं टाकून छताकडे बघत होती. माहितीच्या फलकावर तिने वाचलं होतं की हे छत एके काळी चांदीचं होतं. आपल्या मुलांना देवनागरी येते, त्यामुळं हिंदी फलक ती घडाघडा वाचतात, हा आपला मोठा फायदा. तिने वडिलांना विचारलं, ‘बाबा, मग चांदी कुणी नेली?’ वडील पटकन म्हणाले, ‘इंग्रजांनी.’ आणि ते पुढं निघाले.

चांदी इंग्रजांनी नेली नाही. 1739 मध्ये इराणचा नादिरशहा इथलं मयूरासन घेऊन गेला, तेव्हाही छत बऱ्याच अंशी शाबूत होतं. ती चांदी 1760 मध्ये सदाशिवराव भाऊंनी उतरवली. तिचं नाणं पाडून ती फौजेच्या पगाराला लावली. पानिपतच्या वाटेवरची ही गोष्ट. भाऊंबरोबर लढवय्ये होते, तसे हजारो बिनलढाऊ लोक, यात्रेकरू, बायका-मुलंही होती. उत्तरेतून वसूल व्हायचा पैसा हाती येत नव्हता, दाणावैरण महाग झाली होती, आणि फौजेचा पगार थकला होता. छताच्या चांदीमागची ही कारणं चौथीतल्या मुलीलाही समजतात. मी तिला ती सांगितली. तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, ‘म्हणजे त्यांना गरज होती. पण छान छत होतं.’ दोन्ही वाक्यं खरी आहेत. आणि ती दोन्ही तिला एका दमात म्हणता आली.

पालकहो, आपल्याला वाटतं मुलांसमोर आपली माणसं कमी ठरतील. तसं काही होत नाही. लपवलेली गोष्ट त्यांना पुढं दुसऱ्या कुणाकडून, कुत्सितपणे कळते तेव्हा मात्र ती आपल्यावरही विश्वास ठेवेनाशी होतात. शिवाय या दालनातली मराठ्यांची गोष्ट चांदीवर संपत नाही, हे तर मुलांना सांगायलाच हवं. 1788 मध्ये गुलाम कादिर या रोहिल्याने याच किल्ल्यात शाहआलम बादशहाला पकडून त्याचे डोळे काढले. आंधळ्या बादशहाची सुटका केली ती महादजी शिंद्यांच्या फौजेने. त्याला पुन्हा तख्तावर बसवलं आणि गुलाम कादिरला पकडून ठार केलं. छताची चांदी उतरल्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी मराठे याच दालनाचे राखणदार झाले. 1803 मध्ये यमुनेच्या पलीकडे पटपडगंजच्या लढाईत इंग्रजांच्या जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव करेपर्यंत दिल्लीवर त्यांचा अंमल राहिला. डोळे काढल्याची गोष्ट पाच-सहा वर्षांच्या मुलाला सांगू नका, ती रात्री त्याच्या स्वप्नात येईल. ‘बादशहाला कैद केलं आणि महादजींनी सोडवलं’ एवढं त्याला पुरतं. बारा वर्षांच्या मुलाला मात्र पूर्ण सांगा.

तुम्हाला हे सगळं पाठ नसेल, त्याची लाज बाळगू नका. ‘मला माहीत नाही, रात्री आपण वाचून काढू’ असं म्हणणारी आई मुलांना फार आवडते. घाईने ‘इंग्रजांनी नेलं’ म्हणण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

महाल बघून होईपर्यंत ऊन चढलेलं असतं. आता संग्रहालयांकडे वळायचं. ती बंदिस्त इमारतींत आहेत, तिथं सावली आहे, म्हणून दुपार त्यांच्यासाठी ठेवायची. पण आत शिरायच्या आधी, बाहेरच, मुलांना इमारतीकडे नीट बघू द्या. मघाशी महालांमध्ये पाहिलेलं काही इथं आहे का? संगमरवर नाही, नक्षी नाही, पाणी नाही. सरळसोट, लांबलचक, मजल्यावर मजले चढवलेल्या आणि कमानींच्या ओळी असलेल्या या इमारती म्हणजे इंग्रजी फौजेच्या बराकी. 1857 चा उठाव मोडल्यावर इंग्रजांनी किल्ल्यातला बहुतेक भाग जमीनदोस्त केला. जनानखान्याचे चौक, बागा, कारखाने, राजपुत्रांची घरं गेली, आणि त्या जागी या बराकी उभ्या राहिल्या. तुम्ही सकाळपासून जे महाल पाहिले, ते उरलेले आहेत. दिवाण-ए-आम हिरवळीत असं एकटं का उभं आहे, रंगमहालाच्या आसपास इतकी मोकळी जागा का, याचं उत्तर या बराकींच्या भिंतीत आहे.

आणि आज याच बराकींमध्ये 1857 चं संग्रहालय आहे, नेताजी सुभाषचंद्र बोस आणि आझाद हिंद सेनेचं संग्रहालय आहे, जालियनवाला बागेचं आहे. 2019 मध्ये, नेताजींच्या जयंतीला, 23 जानेवारीला ती सुरू झाली. ज्यांनी उठाव चिरडला त्यांच्याच फौजेच्या खोल्यांत उठाव करणाऱ्यांची स्मृती जपली आहे. इमारतीचा हा इतिहास मुलाला आत शिरण्याआधी कळला, तर आतल्या प्रत्येक चित्राचं वजन त्याच्यासाठी वाढतं. न सांगता आत नेलं तर ती नुसती अंधाऱ्या खोल्यांतली चित्रं आणि पडदे राहतात.

पण एकाच दिवसात सगळी संग्रहालयं करायच्या भरीस कृपा करून पडू नका. तिकिटात सगळी येतात म्हणून सगळी बघायची, हा हिशोब बुफेच्या जेवणासारखा आहे, पोट बिघडतं आणि चव एकाही पदार्थाची कळत नाही. दहा वर्षांखालच्या मुलांना एक पुरे, मोठ्यांना फार तर दोन. आणि कुठलं, ते मुलांनी निवडावं. सकाळभर त्यांनी वाट काढली आहे, हा हक्क त्यांनी कमावला आहे.

1857 च्या दालनात आपल्या मुलांना ओळखीची माणसं भेटतात. नानासाहेब पेशवे, तात्या टोपे, झाशीची राणी. मेरठहून निघालेले शिपाई 11 मे 1857 ला दिल्लीत आले आणि त्यांनी म्हाताऱ्या बहादूरशहाला आपला बादशहा म्हणून पुढं केलं, तेव्हा बिठूर, झाशी इथली मराठी माणसं आणि दिल्लीचा बादशहा एकाच बाजूला आले. सातवी-आठवीतल्या मुलांना जायच्या आधी विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’मधली काही पानं वाचून दाखवा. कोकणातल्या वरसईचा हा भिक्षुक दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेला आणि ऐन धामधुमीत झाशीत सापडला. राजा-राणीच्या नव्हे, साध्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेलं ते 1857 आहे. ते ऐकून आलेलं मूल संग्रहालयात तलवारींपुढं रेंगाळत नाही. ते विचारतं की लोकांचं काय झालं.

नेताजींच्या संग्रहालयात त्यांनी वापरलेली खुर्ची आणि तलवार आहे, आझाद हिंद सेनेचे गणवेश, बिल्ले, पदकं आहेत. खुर्ची अगदी साधी, लाकडी. मुलं तिच्यापुढं का कोण जाणे गप्प होतात. बहुधा माणूस बसायचा ती जागा रिकामी दिसते म्हणून. इथं मुलांना सांगण्यासारखा एक आपला धागा आहे. सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले आझाद हिंद सेनेत मोठ्या अधिकारपदावर होते. सिंधुदुर्गातल्या मुलांनी तर हे नाव घेऊनच आत जावं.

जालियनवाला बागेच्या दालनाबद्दल मात्र तुमच्या मुलाला तुम्हीच ओळखता. 13 एप्रिल 1919 ची ती हकिगत ऐकून काही मुलं चिडतात, काही रडतात, काही आठवडाभर बोलत नाहीत. हळवं मूल असेल तर आधी घरी, शांतपणे, सगळं सांगा आणि मग विचारा, ‘बघायचं का?’ ‘नको’ म्हणालं तर तो त्याचा निर्णय. त्याला भित्रा म्हणू नका.

नववी-दहावीच्या मुलांना घेऊन जाणार असाल तर त्यांना वेगळी वाट आखून द्या: या किल्ल्यात झालेले तीन खटले. पहिला 1858 चा. दिवाण-ए-खासमध्ये, आपल्या पूर्वजांच्या दरबारात, बहादूरशहा जफर आरोपी म्हणून उभा राहिला. त्याला रंगूनला पाठवलं आणि 1862 मध्ये तो तिथंच वारला. दुसरा 1945 चा. शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन हे आझाद हिंद सेनेचे तीन अधिकारी, एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख, याच किल्ल्यातल्या बराकीत न्यायालयापुढं उभे होते. त्यांचा बचाव भुलाभाई देसाईंनी केला. नेहरूंनी पुष्कळ वर्षांनी वकिलीचा झगा चढवला तो यासाठी. तिघांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली, पण देशभर इतका क्षोभ उसळला होता की सरसेनापतीला ती रद्द करावी लागली आणि 1946 च्या जानेवारीत ते सुटले.

तिसरा खटला सांगताना मराठी घरात आवाज खाली येतो. तो गांधीजींच्या खुनाचा. 1948 च्या मेमध्ये लाल किल्ल्यात विशेष न्यायालय बसलं आणि 10 फेब्रुवारी 1949 ला निकाल लागला. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशीची शिक्षा झाली, सावरकर निर्दोष सुटले. आरोपींमध्ये बहुतेक जण मराठी होते. तुमचं राजकीय मत काहीही असो, सोळा वर्षांच्या मुलाला हे तुमच्या तोंडून, सरळ शब्दांत कळू द्या. बापूंना मारलं ते चूक होतं हे निःसंकोच म्हणा, आणि मग त्याचे प्रश्न ऐका. त्याच्याकडे मोबाइल आहे. तुम्ही गप्प राहिलात तरी त्याला उत्तर कुणीतरी देणारच आहे, आणि ते कसं असेल यावर तुमचा काही ताबा नसेल. चांदी उतरवलेल्या छताखाली उभं राहून भाऊंबद्दल खरं बोलता आलं, तर हेही बोलता येतं.

राहता राहिली दगदग. मुलं दमली की सलीमगड सोडून द्या. तिकडं आझाद हिंद सेनेचे कैदी ठेवले होते आणि त्यांचं स्मारकही आहे, पण ते अंतर मोठं आहे. तटाचा घेर एकूण अडीच किलोमीटरच्या घरात जातो, आणि आतल्या फेऱ्या धरल्या तर त्याहून कितीतरी जास्त चालणं होतं. पाणी भरपूर न्या. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना महालांनंतर बागेत झाडाखाली बसवा आणि धाकट्यांना त्यांच्याजवळ खेळू द्या. मोठ्या मुलांना घेऊन एक जण संग्रहालयात जाईल. दोन गटांत एकाला तरी किल्ल्याची आकृती काढलेला तो कागद द्या. प्रत्येक मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. आणि चुकामूक झाली तर भेटायचं कुठं, ते सकाळीच ठरवून टाका. नौबतखान्याच्या कमानीखाली ठरवा. ती इमारत मोकळ्यात एकटी उभी आहे, महालांकडून आलात काय किंवा बराकींकडून आलात काय, छत्ता चौकाकडे परतताना ती नजरेला पडतेच, आणि सकाळी तिथं थांबून नगारखान्याची ओळख झालेली असल्यामुळं सगळ्यात धाकटं मूलसुद्धा ती जागा विसरत नाही.